खिशातला अ‍ॅम्प आणि कानाची साक्ष

माझ्याकडे दोन पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्प होते. एक घरी जुळवलेला, पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलेला. दुसरा विकतचा, अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत खोक्यातला. महिनाभर दोन्ही आलटूनपालटून ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं. विकतच्याचा आवाज मोकळा, डग्ग्याला वजन, तानपुरा भरून येणारा. डबीतला त्यापुढे जरा कोमट. हे मत मी शेजारच्या काकांना ऐकवलं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं रेकॉर्डिंगच्या यंत्रांपाशी काढलेली. त्यांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "दोन्ही एकाच आवाजावर ऐकलेस का रे?"

"हो काका, कानाला सारखे वाटतील असेच लावले होते."

"कानाला," असं म्हणून ते आत गेले आणि मल्टिमीटर घेऊन आले.

आम्ही दोन्ही अ‍ॅम्पना फोनमधून ४०० हर्ट्झचा एकच सूर दिला, हेडफोन लावलेलाच ठेवला आणि मी रोज जिथे बटण ठेवत असे तिथेच ठेवलं. डबीतल्या अ‍ॅम्पवर मीटरने ३०० मिलिव्होल्ट दाखवले, विकतच्यावर ३४०. हिशेब केला तर फरक १.१ डेसिबलचा. महिनाभर मी ज्याला 'मोकळेपणा' म्हणत होतो, तो बटणाचा केसभर जास्त फिरलेला कोन होता.

एवढ्याशा फरकाने माणूस फसतो कसा, याचं उत्तर बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली कानाच्या संवेदनक्षमतेचे आलेख प्रसिद्ध केले. मंद आवाजात आपला कान खर्जाकडे आणि अगदी वरच्या सुरांकडे कानाडोळा करतो, आवाज वाढवला की त्यांना न्याय देऊ लागतो, असं ते आलेख सांगतात. म्हणजे आवाज थोडा वाढला की डग्गा जड होतो, झांजा उजळतात, आणि मेंदू 'हा मोठा आहे' असं न म्हणता 'हा चांगला आहे' असं म्हणतो. एक-दीड डेसिबलचा फरक आवाज वाढल्यासारखा जाणवतच नाही. तो दर्जा म्हणूनच जाणवतो, आणि दुकानदारांना ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. दोन गायिकांना वेगवेगळ्या पट्टीत गायला लावून कोणाचा आवाज वर चढतो हे ठरवण्यासारखाच हा प्रकार.

पण मुळात हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प लागतोच कशाला? बहुतेकांना लागत नाही. फोनबरोबर येणाऱ्या इअरफोनला एक मिलिवॉटसुद्धा खूप होतो. अडचण येते ती मोठ्या, जास्त ओहमच्या हेडफोनला. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. याचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा रोध, ३०० ओहम आहे, आणि एका मिलिवॉटला तो साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. बैठकीत आपण सरासरी ९० डेसिबलच्या खालीच ऐकतो, आणि त्याला पाव व्होल्टही पुरतो. पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा कडकडाट क्षणभर वीस डेसिबल वर उसळतो. ११० डेसिबलच्या त्या क्षणासाठी २० मिलिवॉट, म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट लागतात. आयफोनमधलं हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक २०१६ साली गेलं आणि त्यापाठोपाठ बाजारात चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोन जोडायचे डाँगल आले. अ‍ॅपलच्या नखाएवढ्या डाँगलमधून जास्तीत जास्त एक व्होल्ट निघतो, आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच डाँगलमधून त्याच्या निम्मा. एका व्होल्टात एचडी ६०० साधारण १०२ डेसिबलपर्यंत जाईल. भावगीताला हे भरपूर आहे, मोठ्या चढउताराच्या संगीताला अपुरं.

अ‍ॅम्पच्या दर्जाचा पहिला प्रश्न म्हणून एवढाच : तुझ्या हेडफोनला लागतात तेवढे व्होल्ट तो न फाटता देतो का? 'न फाटता' हे महत्त्वाचं. लाटेचं डोकं कापलं गेलं की थापेचा ठोस आवाज चिरका होतो. बॅटरीवरच्या अ‍ॅम्पमध्ये हा धोका अंगचाच. डबीतल्या अ‍ॅम्पच्या पोटात नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी असते. तिचे दोन भाग करून मधोमध खोटी 'जमीन' तयार करायची, म्हणजे वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्ट मिळतात. त्यातलाही थोडा भाग आतली चिप स्वतःकडे ठेवते. नवी बॅटरी असताना मिळालेला निकाल आणि पंधरा दिवसांनी सात व्होल्टवर आलेल्या बॅटरीचा निकाल सारखा कसा असेल? पोर्टेबल अ‍ॅम्पची परीक्षा भरल्या पोटी एकदा आणि उपाशीपोटी एकदा घ्यायला हवी. हे कोणी करत नाही.

त्या डबीची कथाही सांगितली पाहिजे. चू मॉय याने १९९८ साली खिशात मावेल अशा हेडफोन अ‍ॅम्पचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. एक ऑप-अ‍ॅम्प चिप, मूठभर रोधक, दोनचार कपॅसिटर, एक बॅटरी. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तो अल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या रिकाम्या डब्यांत बसवायला सुरुवात केली आणि 'सीमॉय' हे नाव जगभर पसरलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत फिरून त्याचे सुटे भाग जमवता येतात. त्या काळात आणि नंतरही हौशी लोकांचा एक आवडता उद्योग होता : चिप काढायची, दुसरी बसवायची आणि आवाज कसा बदलला याची वर्णनं लिहायची. ही चिप 'उबदार', ती 'धारदार', तिसरी 'रेशमी'. निम्मी विशेषणं स्वयंपाकघरातली, निम्मी कापडाच्या दुकानातली. मीही हे केलं आहे. चिप बदलायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आधीचा आवाज नेमका कसा होता हे कान विसरतो, आणि नव्या चिपवर खर्च केलेले पैसे मात्र लक्षात राहतात.

या सगळ्या विशेषणांना सगळ्यात उद्धट उत्तर २०११ साली आलं. 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात अभियंत्याने 'ऑब्जेक्टिव्ह टू', थोडक्यात ओ-टू, नावाचा बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प रचला आणि आराखडा फुकट वाटून टाकला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, स्वस्त आणि जुन्या चिपा, महागडा भाग एकही नाही. सोबत मात्र मोजमापांचे ढीग : विकृती किती, गोंगाट किती, कोणत्या भारावर किती. कित्येक पट महाग अ‍ॅम्प या मोजमापांत मागे पडत होते, आणि तो ते नावानिशी सांगत होता. साहजिकच भांडणं झाली. २०१२ च्या मध्यानंतर त्याचं लिखाण थांबलं. तो कोण होता हे कधीच उघड झालं नाही. ओ-टू मात्र आजही लोक जुळवतात.

या अभियंत्याने लोकांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसवली. माझ्या मते पोर्टेबल अ‍ॅम्पच्या आवाजाबद्दल बोलण्यासारखं खरोखर काही असेल तर ते इथे आहे. ती म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध, आउटपुट इम्पीडन्स.

अ‍ॅम्प हेडफोनला व्होल्टेज देतो, पण मधे त्याचा स्वतःचा थोडा रोध बसलेला असतो. व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. हेडफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा असता तर या वाटणीने आवाज जरा कमी झाला असता, एवढंच. पण तो सारखा नसतो. एचडी ६०० चा ३०० ओहम हा आकडा कागदावरचा. ज्या खर्जाच्या सुराला त्याचा पडदा आपणहून डोलतो, तिथे हा रोध पाचशेच्याही वर जातो. आता अ‍ॅम्पचा रोध १२० ओहम असेल (आणि एकेकाळी एका आंतरराष्ट्रीय मानकात हाच आकडा सुचवलेला होता), तर त्या भागाला वाटणीत जास्त व्होल्टेज मिळतं आणि खर्ज सुमारे एका डेसिबलने फुगतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा रोध असाच मोठा असतो. 'व्हॉल्व्हचा उबदारपणा' म्हणून ज्याची वाखाणणी होते, त्यातला बराच भाग हा भागाकार आहे. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. मला उलट गंमत वाटते. ऊब खरी आहे, फक्त तिचा पत्ता वेगळा आहे.

कानात घालायच्या बारीक इअरफोनमध्ये हा खेळ आणखी रंगतो. एका इअरफोनमध्ये चारपाच छोटे ड्रायव्हर असतात, प्रत्येकाच्या वाट्याला सुरांचा एक पट्टा, आणि रोध एखाद्या सुराला पाच ओहम तर दुसऱ्याला चाळीस. अ‍ॅम्पचा रोध दहा ओहम असला तर पाच ओहमच्या सुराला तृतीयांश व्होल्टेज मिळेल आणि चाळीसच्या सुराला चारपंचमांश. दोघांत सात डेसिबलहून जास्त तफावत! हा नुसता रंग बदलणं नव्हे, इअरफोनच दुसरा होणं आहे. एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने याचा उघड उपयोगच करून घेतला. त्यांच्या ईआर-फोर इअरफोनचे दोन प्रकार होते, पी आणि एस. आतला ड्रायव्हर तोच. दोघांतला फरक मुख्यतः वायरीत घातलेल्या ७५ ओहमच्या रोधाचा. पी मध्ये खर्ज भरलेला, एस त्यापेक्षा सडसडीत आणि वरच्या सुरांत उजळ. ७५ ओहमची जोडवायर घेतली की पी चा एस होई. म्हणजे ७५ ओहम रोधाचा अ‍ॅम्प घेणारा माणूस नकळत हीच वायर विकत घेतो, आणि वर 'या अ‍ॅम्पची शैली तपशीलवार आहे' असं म्हणतो.

यातून एक अंदाजाचा नियम रूढ झाला : अ‍ॅम्पचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. मग वाटणीतली गडबड साधारण एका डेसिबलच्या आत राहते. ओ-टू चा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास आहे, अ‍ॅपलच्या डाँगलचाही एका ओहमच्या आत. सपाट पडद्याचे प्लॅनर हेडफोन यात निवांत असतात. त्यांचा रोध सगळ्या सुरांना जवळपास सारखाच, त्यामुळे कोणत्याही अ‍ॅम्पशी ते फारसे रुसत नाहीत.

जुन्या वॉकमनसारख्या यंत्रांत आणखी एक भानगड असे. आउटपुटला कपॅसिटर लावलेला असायचा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन एकत्र आले की ४५ हर्ट्झपाशी आवाज तीन डेसिबलने खाली आलेला असतो आणि त्याखाली खर्ज उतरतच जातो. तोच कपॅसिटर ३०० ओहमच्या हेडफोनला लावा, ही मर्यादा अडीच हर्ट्झच्या खाली जाते, म्हणजे ऐकू येण्यापलीकडे. यंत्र एकच, एकजण म्हणणार खर्ज नाही, दुसरा म्हणणार भरपूर आहे, आणि दोघंही खरं बोलत असणार.

म्हणून 'अमुक अ‍ॅम्पचा आवाज कसा आहे?' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. पत्रिका एकट्या मुलाची बघून गुण किती जुळतात ते सांगता येत नाही. दुसरी पत्रिका समोर ठेवा, मग बोलू.

गोंगाटाचंही असंच आहे. अ‍ॅम्प नुसता चालू असताना जी 'श्श्श' ऐकू येते, ती मोठ्या हेडफोनवर नसते आणि बारीक इअरफोनवर असते. १६ ओहमचा, एका मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इअरफोन समजा. त्याला ऐकू येण्याच्या उंबरठ्यापर्यंत न्यायला फक्त ०.४ मायक्रोव्होल्ट पुरतात. अ‍ॅम्पचा गोंगाट दहा मायक्रोव्होल्ट असला, जो कागदावर अगदीच किरकोळ दिसतो, तरी कानात साधारण २८ डेसिबल होतात. रात्री, पंखा बंद असताना, हे स्पष्ट ऐकू येतं. पंखा चालू असताना नाही. ही परीक्षा घ्यायला जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची नाट्यगीतं अजिबात लावू नयेत. त्यांची स्वतःची खरखर अ‍ॅम्पची सगळी पापं पोटात घालते. काहीच वाजत नसताना ऐकावं, हेच बरं.

एक दोष मात्र परीक्षणांत फारसा येत नाही, कारण तो फार साधा आहे. आवाजाच्या गोल बटणात डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन रोधपट्टे असतात. स्वस्त बटणाच्या अगदी सुरुवातीला ते दोन्ही नीट जुळत नाहीत. बारीक इअरफोन लावला की बटण नेमकं त्याच सुरुवातीच्या भागात ठेवावं लागतं, आणि गाणारा मधोमध बसण्याऐवजी डाव्या कानाकडे सरकतो. माझ्या विकतच्या अ‍ॅम्पमध्ये हे होतंच. महिनाभर माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी त्याला इअरफोन लावून ऐकलं आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात विचारलं, "बाई एका बाजूला का उभ्या आहेत?" काकांचं वय पंचाहत्तर. दहा हजार हर्ट्झच्या वरचं त्यांना आता काही ऐकू येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. कान तयार असणं आणि कान तरुण असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. असाच दुसरा दोष बाहेरून येतो. टू-जी च्या दिवसांत फोन आणि अ‍ॅम्प रबरबँडने एकत्र बांधून फिरणाऱ्यांना आणखी एक आवाज पाठ असेल, फोन येण्याच्या क्षणभर आधीचा तो 'टिरिक्-टिरिक्'. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओलहरींचे धक्के देतो आणि नीट झाकलेला नसेल तर अ‍ॅम्प ते धक्के गाण्यात मिसळतो. माझ्या पत्र्याच्या डबीने इथे अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्याइतकंच चांगलं काम केलं होतं.

आता परीक्षेकडे येऊ. पाहून ऐकणं आणि न पाहता ऐकणं यांतला फरक अ‍ॅम्पच्या बाबतीत फार आधी सिद्ध झालेला आहे. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांनी १९७८ साली आपल्याच तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प पणाला लावले. एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे. ऐकणारे कान मुरलेल्यांचे होते, आणि कोणता चालू आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना तिघांत भरवशाने फरक करता आला नाही. नवा माल विकायला काढलेल्या कंपनीने आपला जुना मालही तितकाच चांगला आहे हे जाहीरपणे दाखवावं, याला धैर्य लागतं. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी यासाठी रीतसर पद्धत आणि पेटी मांडली : एक 'अ', एक 'ब' आणि तिसरा 'क्ष', जो या दोघांपैकीच एक असतो. 'क्ष' कोणता ते ओळखा. सोळा वेळा विचारायचं. बारा किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. मग फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. 'क्ष' ओळखता न येणं म्हणजे दोन्ही सारखेच असल्याचा पुरावा मात्र नव्हे, हे या पद्धतीचे चाहते कधीकधी विसरतात.

काकांनी आणि मी हे जेवणाच्या टेबलावर केलं. साहित्य फार लागलं नाही. एक स्विच, एक नाणं, एक वही. मल्टिमीटर मात्र बघून घ्यावा लागतो. फुटपाथवर मिळणाऱ्या पिवळ्या मीटरचा एसीचा सगळ्यात लहान पट्टा दोनशे व्होल्टचा असतो, त्यावर मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत. आवाज एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवायचा तर तीनशे मिलिव्होल्टात तीनच मिलिव्होल्ट इकडेतिकडे चालतात. बटण बोटाने फिरवून तिथे पोचणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. सूरही फार वरचा घेऊ नये, स्वस्त मीटर साधारण चारशे हर्ट्झपुढे खोटं बोलू लागतात. शिवाय मोजताना हेडफोन लावलेलाच हवा. मोकळ्या अ‍ॅम्पचं मोजमाप म्हणजे बिनओझ्याच्या हमालाची ताकद बघणं.

मी काकांकडे पाठ करून बसलो. काका नाणं उडवायचे, स्विच टाकायचे, वहीत लिहायचे आणि खाकरायचेसुद्धा नाहीत. पहिल्या खेपेला आम्ही मुद्दाम माझे जुनेच आवाज ठेवले, ३०० आणि ३४०. सोळापैकी पंधरा बरोबर. मी खुश. मग काकांनी आवाज जुळवला. सोळापैकी नऊ. चुकलेल्या सातांतल्या तीन-चारांबद्दल तर मी पैज लावायला तयार होतो, आणि सहाव्या उत्तराला मी "हा नक्की विकतचा, तानपुरा बघा कसा उघडला" असं म्हणालो होतो. वहीत तिथे डबी होती.

तिसऱ्या खेपेला काकांनी काही न सांगता मोठा हेडफोन काढून घेतला आणि हातात माझा चार ड्रायव्हरचा इअरफोन दिला. आवाज पुन्हा जुळवला. गायिका एका बाजूला झुकू नये म्हणून फोनवरूनच आवाज कमी केला आणि दोन्ही बटणं वर नेली. या वेळी सोळापैकी सोळा, आणि प्रत्येक वेळी दोन सेकंदांत. आम्ही दोघांचा रोध मोजला. डबीचा एक ओहमच्या आत. विकतच्याचा दहा, कारण आतल्या चिपचं रक्षण म्हणून बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंना दहा-दहा ओहमचे रोधक घालून ठेवले होते.

"म्हणजे माझं बरोबर होतं ना काका? फरक आहे की!"

"आहे," काका मीटरच्या वायरी गुंडाळत म्हणाले. "पण महिनाभर तू जो सांगत होतास, तो नाही."

विकतचा अ‍ॅम्प मी मोठ्या हेडफोनसाठी ठेवला आहे, तिथे तो काही बिघडवत नाही. इअरफोनला डबी. प्रवासात दोन्ही घरी राहतात आणि डाँगल खिशात जातो. विकतच्या अ‍ॅम्पमधले दहा ओहमचे रोधक काढून टाकावेत असं मला मधूनमधून वाटतं. पण काकांनी त्यातल्या एका रोधकाच्या दोन पायांवर बोट ठेवून विचारलं होतं, "ही चिप लांब वायर लावली की शिट्टी मारेल का, ते बघितलंस?" ते अजून बघायचं राहिलं आहे.